इंग्रजीचा सराव: आधी आपली चूक, मग ॲप

‘सर, सादर नमस्कार. माझे वय ३६ वर्षे आहे. मी विक्रोळीला राहते आणि फोर्टमधील एका कंपनीत अकाउंट्स विभागात आठ वर्षांपासून काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि पुढे गाइडे पाठ करून बी.कॉम. झाले. दोन महिन्यांपूर्वी थकलेल्या बिलांसाठी ग्राहकांना ईमेल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. साहेब माझे ईमेल दुरुस्त करून पाठवतात, पण काय चुकले ते सांगत नाहीत. माझी दहा वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते, तीही मला टोकते. मोबाइलवर चार ॲप घेतली आहेत. त्यांतल्या एकावर सलग ९० दिवस सराव केला, तरी लिहायला बसले की त्याच चुका होतात. एका ऑनलाइन वर्गाच्या जाहिरातीत ३० दिवसांत अस्खलित इंग्रजीची हमी आहे, शुल्क बारा हजार रुपये. तो लावावा का? नाहीतर व्याकरणाच्या सरावासाठी नेमके काय वापरावे? साहेबांनी दुरुस्त केलेली माझी चार वाक्ये सोबत लिहिली आहेत. — एक वाचक, विक्रोळी’

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. बारा हजार रुपयांचा प्रश्न आधी निकालात काढतो. तो वर्ग लावू नका. व्याकरणाच्या सरावासाठी तुम्हाला जे साहित्य लागेल ते जवळजवळ सगळे, आणि तेही जाणत्या संस्थांनी तयार केलेले, इंटरनेटवर विनामूल्य मिळते. शिवाय जी व्यक्ती घर आणि नोकरी सांभाळून सलग नव्वद दिवस सराव करते तिच्याकडे चिकाटी विकत घेण्याची वेळ आलेली नाही. अडचण इतकीच आहे की तुम्ही आजवर जो सराव केलात तो तुमच्या चुकांचा नव्हता. ॲपने त्याच्या क्रमाने जे पुढे ठेवले ते तुम्ही सोडवत गेलात, आणि तुमच्या ईमेलमधील चुका मात्र जागच्या जागी राहिल्या.

तुम्ही ती चार वाक्ये पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच होते. पहिले वाक्य असे आहे: ‘आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स एट इयर्स.’ मी मुंबईतील एका रात्रशाळेत बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणारे विद्यार्थी रजेच्या अर्जात हमखास ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज’ असे लिहीत, मी लाल शाईने ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहीत असे, आणि पुढच्या अर्जात ‘सिन्स’ परत आलेला असे. तुमचे साहेब आज तेच करीत आहेत. एकदा मी फळ्यावर ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ हे दोन मराठी शब्द लिहिले आणि दोन्हींतल्या ‘पासून’खाली रेघ ओढली, तेव्हा वर्गाला चुकीचे मूळ दिसले. मराठीत काळाचा आरंभ सांगायलाही ‘पासून’ चालतो आणि काळाची लांबी सांगायलाही ‘पासून’च चालतो. इंग्रजी या दोहोंसाठी वेगळे शब्द वापरते: सोमवार हा आरंभ, म्हणून ‘सिन्स मंडे’, दोन दिवस ही लांबी, म्हणून ‘फॉर टू डेज’. त्यात आणखी एक गाठ आहे. ‘मी आठ वर्षांपासून काम करते’ हे आपण सरळ वर्तमानकाळात म्हणतो, परंतु भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजी ‘हॅव बीन वर्किंग’ हे रूप मागते. त्यामुळे बिनचूक वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग इन धिस कंपनी फॉर एट इयर्स’ असे होते.

दुसरे वाक्य, ‘वुई हॅव रिसीव्ड युवर पेमेंट यस्टरडे.’ मराठीत ‘काल तुमचे पैसे मिळाले आहेत’ या वाक्यात ‘काल’ आणि ‘आहेत’ शेजारी नांदतात आणि कोणाला खटकत नाहीत. इंग्रजीत मात्र ‘काल’, ‘गेल्या महिन्यात’, ‘१२ तारखेला’ असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ला तिथे जागा नसते. एक तर ‘वुई रिसीव्ड युवर पेमेंट यस्टरडे’ म्हणायचे, नाहीतर तारीख गाळून ‘वुई हॅव रिसीव्ड युवर पेमेंट’ म्हणायचे. अकाउंट्सच्या कामात तारखेशिवाय वाक्य क्वचितच लिहिले जाते, म्हणून हा एक नियम पक्का झाला तर तुमच्या निम्म्या दुरुस्त्या थांबतील असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या वाक्यात तुम्ही ‘प्लीज टेल मी व्हेन विल यू रिलीज द पेमेंट’ असे लिहिले आहे. सरळ प्रश्न विचारताना ‘विल यू’ हा क्रम बरोबर आहे, परंतु तोच प्रश्न ‘प्लीज टेल मी’सारख्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा साध्या विधानासारखा होतो: ‘व्हेन यू विल रिलीज द पेमेंट.’ चौथे वाक्य, ‘वुई डिस्कस्ड अबाउट द बिल’, हे आपल्या ‘बिलाविषयी चर्चा केली’ यातील ‘विषयी’चे प्रामाणिक भाषांतर आहे. इंग्रजीत ‘डिस्कस’ या क्रियापदाच्या अर्थातच ते ‘विषयी’ सामावलेले असते, म्हणून ‘वुई डिस्कस्ड द बिल’ एवढे पुरते. नाम वापरले तर मात्र ‘अ डिस्कशन अबाउट द बिल’ असे ‘अबाउट’ परत येते.

या चारही चुका मी इतक्या विस्ताराने मांडल्या त्याचे कारण असे की यांतली एकही निष्काळजीपणाची नाही. चारही ठिकाणी तुमची मराठी अचूक आहे, आणि मराठी व इंग्रजी यांच्या वाटा जिथे फुटतात तिथे तुम्ही मराठीच्या वाटेने पुढे गेला आहात. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तुम्ही त्याआधी पहिलीत गेलात, म्हणजे पाचवीपर्यंत तुमची इंग्रजीशी गाठही पडली नव्हती आणि तोवर मराठीची वाक्यरचना मनात पुरती रुजली होती. जगभरच्या लोकांसाठी बनवलेले ॲप हे फाटे ओळखून धडे देत नाही. ते फाटे तुम्हालाच शोधून ठेवावे लागतील.

त्यासाठी एक शंभर पानी वही घ्या. साहेबांनी दुरुस्त केलेले ईमेल ‘सेंट’मध्ये आहेतच, तुमचे मूळ मसुदेही जपून ठेवा. आठवड्यातून एकदा दोन्ही शेजारी ठेवून डाव्या पानावर तुमचे वाक्य, उजव्या पानावर दुरुस्त वाक्य आणि खाली तुमच्या मनातले मूळ मराठी वाक्य लिहा. हे तिसरे वाक्य लिहायला विसरू नका, कारण चूक कुठून आली हे तेच दाखवते. महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल की चुका शेकड्यांनी दिसत असल्या तरी त्यांचे प्रकार सात-आठच आहेत. बहुधा ‘ऑल्दो’नंतर पुन्हा ‘बट’ लिहिणे त्यांत असेल, कारण आपल्याला ‘जरी’नंतर ‘तरी’ लागतो. ‘इन्फॉर्मेशन्स’सारखी अनेकवचनेही असतील.

आता संकेतस्थळांविषयी. व्याकरणासाठी एकच निवडायचे असेल तर ब्रिटिश कौन्सिलचे ‘लर्नइंग्लिश’ निवडा. त्याचा व्याकरण विभाग पातळ्यांनुसार लावलेला आहे. या पातळ्या म्हणजे ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पायऱ्या, ज्यांची चौकट युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली आणि जी आज जगभर वापरली जाते. तिथल्या धड्याची बांधणी मला विशेष आवडते: आधी एक छोटी चाचणी, मग नियमाचे स्पष्टीकरण, आणि नंतर पुन्हा चाचणी. पहिल्या चाचणीत चुकल्यावर माणूस स्पष्टीकरण वेगळ्या लक्षाने वाचतो. आपली पातळी कळावी म्हणून केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील २५ प्रश्नांची विनामूल्य चाचणी एकदा द्या, परंतु तिच्या निकालाला फार महत्त्व देऊ नका. तुमच्या ईमेलवरून तुम्ही ए२ आणि बी१ यांच्या सीमेवर आहात असे मला वाटते, आणि धडे पहिल्यापासून क्रमाने सोडवण्याची तुम्हाला गरज नाही. वहीतील चूक हातात घ्या, तिचा धडा शोधा आणि तेवढाच करा.

अशा धड्यांतही बरेच प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात, आणि तुमचे नव्वद दिवस कुठे गेले याचे उत्तर तिथे आहे. दिलेल्या तीन पर्यायांतून योग्य तो ओळखणे सोपे असते, कारण उत्तर डोळ्यांसमोर असते. कोऱ्या ईमेलमध्ये पर्याय नसतात. म्हणून ज्या सरावात उत्तर स्वतः लिहावे लागते तो सराव अधिक करा. ‘परफेक्ट इंग्लिश ग्रामर’ या संकेतस्थळावर काळांच्या रूपांचे असे पुष्कळ सराव आहेत, ज्यांत क्रियापद दिलेले असते आणि त्याचे योग्य रूप रिकाम्या जागी आपण भरायचे असते. छापून घेता येतील अशा पीडीएफही तिथे मिळतात. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन-चार पाने काढून घ्या आणि पेनाने सोडवा. मोबाइलवरच लिहायचे असेल तर सरावाच्या वेळी कीबोर्डची शब्द सुचवण्याची आणि आपोआप दुरुस्तीची सोय बंद ठेवा, नाहीतर उत्तर तुमच्या आधी कीबोर्डच देईल. आणि प्रत्येक धड्यानंतर त्या नियमाची तीन वाक्ये स्वतःच्या कामातली लिहा: थकलेले बिल, टीडीएसचे प्रमाणपत्र, परत आलेला चेक. धड्यातील माणसे सुट्टीला समुद्रकिनाऱ्यावर जातात, तुम्हाला पुढच्या मंगळवारी ग्राहकाला स्मरणपत्र लिहायचे आहे.

शब्दकोशाला लोक व्याकरणाचे साधन मानत नाहीत, हे मला नेहमी खंतावते. ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज’ आणि ‘केंब्रिज डिक्शनरी’ हे दोन्ही कोश इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीही आहेत, विनामूल्य आहेत, आणि त्यांत अर्थाबरोबर शब्दाची वागणूकही दिलेली असते. नामापुढे ते मोजता येणारे की न मोजता येणारे हे लिहिलेले असते. ‘इन्फॉर्मेशन’ पाहा, ‘इक्विपमेंट’ पाहा, ‘फर्निचर’ पाहा. हे शब्द न मोजता येणारे आहेत हे एकदा दिसले की शेवटचा ‘स’ आपोआप गळेल. क्रियापदापुढे त्याच्या वापराचे साचे असतात, त्यामुळे ‘डिस्कस’ पाहिले असते तर त्यापुढे ‘अबाउट’ येत नाही हे तिथेच कळले असते. आपण अर्थ माहीत असलेला शब्द कोशात पाहत नाही. मी म्हणेन, अर्थ माहीत असलेलेच शब्द आधी पाहा, कारण चुका त्यांच्याच वापरात होतात.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, परंतु वहीत ती चूक सर्वांत जास्त वेळा येईल. मराठीत ‘द’ला जोडीदार नाही, त्यामुळे हा भाग सावकाश येतो आणि तो सर्वांत शेवटी घ्यावा असे माझे मत आहे. ‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न मात्र आपल्याला आपली लिपीच सोडवून देते. इंग्रजीचा हा नियम स्पेलिंगवर चालत नाही, उच्चारावर चालतो, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहून पाहा: तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू झाला तर ‘अ’ (‘इयर’ मात्र अपवाद, तिथे ‘अ इयर’च). स्पेलिंगमध्ये स्वर असूनही ‘युनिट’ आपण ‘य’ने लिहितो, म्हणून ‘अ युनिट’. ‘अवर’च्या स्पेलिंगमध्ये आधी व्यंजन आहे, पण आपण ‘अ’ने लिहितो, म्हणून ‘ॲन अवर’. तुमच्या रोजच्या कामातले पाहायचे तर ‘अ जीएसटी इन्व्हॉइस’ आणि ‘ॲन आरटीजीएस ट्रान्सफर’. मराठी माध्यमात शिकल्याचा हा उघड लाभ आहे आणि तो जरूर घ्यावा.

कानांसाठी ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’ आहे. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवते आहे. तिचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम नावाप्रमाणे साधारण सहा मिनिटांचा असतो आणि संकेतस्थळावर त्याची संहिताही मिळते. सकाळी विक्रोळीहून स्लो लोकल पकडताना हात मोकळा नसतो, तेव्हा कानात लावून फक्त ऐका. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी तिथूनच सुटत असल्याने दोन गाड्या सोडल्या तर बसायला मिळते. लिहिण्याचा सराव तेव्हा करा. सकाळी ऐकलेल्या भागाची संहिता उघडून त्यात ‘हॅव’ची रूपे कुठे आली आहेत एवढेच शोधायचे. एका वेळी एकच गोष्ट शोधली तर डोळे थकत नाहीत आणि नियम चालत्या वाक्यात भेटतो. एखादा शब्दप्रयोग कसा वापरतात याची शंका आली तर ‘स्केल’ (स्पेलिंग एस-के-ई-एल-एल) नावाचे एक विनामूल्य साधन आहे, ज्यात शब्द टाकल्यावर प्रत्यक्ष लेखनातून घेतलेली चाळीसपर्यंत वाक्ये समोर येतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ हे टाकून पाहा; क्रियापद आले तर ते ‘मीटिंग’, ‘हिअरिंग’ असे ‘इंग’ लावून येते हे वाक्यागणिक दिसेल, आणि ईमेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहिणे सुटेल.

ग्रामर्ली, लँग्वेजटूल अशी तपासनीस साधने वापरावीत का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. वापरा, पण ईमेल पूर्ण लिहून आणि स्वतः एकदा तपासून झाल्यावर. लाल रेघ दिसली की लगेच दुरुस्ती स्वीकारू नका. काय चुकले असेल ते आधी स्वतः सांगा, मग सूचना पाहा, आणि चूक वहीत उतरवा. तसे न केल्यास ते साधन तुमच्या साहेबांसारखेच होईल: ईमेल बरोबर जाईल आणि चूक तुमच्याजवळच राहील. भाषेच्या निवडीत ‘ब्रिटिश इंग्लिश’ ठेवा, म्हणजे आपल्या सवयीच्या स्पेलिंगखाली रेघा येणार नाहीत. चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या साधनांना ‘ईमेल सुधारून दे’ असे सांगण्याऐवजी ‘वाक्य बदलू नकोस, कोणत्या वाक्यात कोणत्या प्रकारची चूक आहे एवढेच मराठीत सांग’ असे सांगा आणि दुरुस्ती स्वतः करा. ही साधने कधीकधी चुकीचे कारणही तितक्याच ठामपणे देतात, म्हणून शंका आल्यास कोश उघडा. एक दक्षता अवश्य घ्या: या सगळ्या साधनांत टाकलेला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो. ग्राहकाचे नाव, बँक खाते, रकमा त्यात टाकू नका. त्यांच्या जागी ‘एबीसी कंपनी’ लिहून मगच तपासा, आणि कंपनीची परवानगी आहे का हे साहेबांना विचारून घ्या.

उजळणीचे एक शास्त्र आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की शिकलेले आपण सुरुवातीला फार वेगाने विसरतो आणि उजळणी एकाच दिवशी उरकण्यापेक्षा दिवसांत विभागून केली तर कमी श्रमांत लक्षात राहते. ‘अँकी’ हे ॲप याच तत्त्वावर चालते आणि अँड्रॉइडवर विनामूल्य आहे. वहीतील चुकीमागचे मूळ मराठी वाक्य एका बाजूला आणि बरोबर इंग्रजी वाक्य दुसऱ्या बाजूला घातलेत की कोणते वाक्य कधी पाहायचे हे ते ठरवते. ते जमले नाही तर वहीचे पान दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी उघडा, तेवढ्यानेही काम होईल. चारपैकी तीन ॲप मात्र आजच काढून टाका.

मुलीच्या टोकण्याने तुम्हाला वाईट वाटते हे पत्राच्या ओळींतून कळते. तिला चूक ऐकू येते, कारण तिने ते वाक्य शाळेत शेकडो वेळा ऐकले आहे. कारण मात्र तिला सांगता येणार नाही, आणि तुम्ही आता ज्या रीतीने शिकणार आहात त्या रीतीने ते तुम्हाला सांगता येईल. तिने टोकले की ‘असेच आणखी एक वाक्य सांग’ असे म्हणा आणि ते वहीत लिहा. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक तिला ‘पासून’च्या आधारे समजावून सांगा, तिच्या शाळेत तो तसा कोणी सांगितला नसेल.

साहेबांशीही एकदा बोला. पूर्ण ईमेल दुरुस्त करण्याऐवजी चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ ओढून परत द्यावा, दुरुस्ती मी करून आणते, अशी विनंती करा. त्यांचा वेळही त्यात वाचतो, त्यामुळे ते नाही म्हणणार नाहीत असे मला वाटते. पहिले तीन आठवडे फक्त ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘हॅव’ यांना द्या, बाकीच्या चुका होऊ द्या. त्यानंतर तुमचे दहा ईमेल, नावे आणि रकमा खोडून, मला पाठवा. पुढे कोणता धडा घ्यायचा ते त्यावरून ठरवू.